कंसातले वाशिम

१४ जानेवारी २०२३, पुण्यातील कोथरूड, महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवटचा दिवस. माती विभागाच्या अंतिम लढतीची नोंद एका ओळीत मावते : महेंद्र गायकवाड (सोलापूर) विरुद्ध सिकंदर शेख (वाशिम). दोन नावे, दोन कंस. या लेखाचा विषय आहे दुसऱ्या कंसातला शब्द. पैलवानाच्या नावापुढचे गाव कोण ठरवते, ते काय सांगते आणि लोकांच्या मनात त्या पैलवानाची जी मूर्ती उभी राहते, तिला ते गाव कितपत घडवते, हे या एका ओळीवरून तपासता येते.

आधी जे पक्के आहे ते. सिकंदर शेख सोलापूर जिल्ह्यातील मोहोळचा. वडील रशीद शेख स्वतः कुस्ती खेळलेले. पुढे हमाली करून त्यांनी घर चालवले आणि मुलाचा खुराकही. सिकंदर घडला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत. म्हणजे जन्माचे गाव मोहोळ, घडणीचे गाव कोल्हापूर. मोहोळ आणि वाशिम यांच्यामध्ये सारा मराठवाडा पसरलेला आहे. तरी अधिकृत नोंदीत गाव लागते वाशिमचे.

आता तीच ओळ पुन्हा वाचू. प्रतिस्पर्ध्याच्या कंसात सोलापूर आहे. आणि महेंद्र सोलापूर जिल्ह्याचाच. म्हणजे त्या मातीवर एकाच जिल्ह्याची दोन पोरे समोरासमोर होती, पण कागदावर ती दोन जिल्ह्यांची झुंज होती. यामागचे कारण स्पर्धेच्या रचनेत सापडते. महाराष्ट्र केसरीत पैलवान एकटा उतरत नाही. जिल्हा किंवा शहर तालीम संघाचा प्रतिनिधी म्हणून उतरतो. एका संघाला किताबाच्या गटात गादीवर एक आणि मातीवर एक अशा जागा असतात. सोलापूरची मातीवरची जागा त्या वर्षी महेंद्रची होती. म्हणून सिकंदरने दुसऱ्या जिल्ह्याचा रस्ता धरला असावा. इथे ‘असावा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. जागा महेंद्रची होती, ही नोंद आहे. सिकंदर म्हणून वाशिमकडे वळला, हा तर्क आहे. एका ओळीवर तर्क उभा करणे धोक्याचे, म्हणून शेजारच्या नोंदी पाहायला हव्यात.

डिसेंबर २०१८, जालना. विजेता बाला रफिक शेख, कंसात बुलढाणा. त्याचे गाव करमाळा तालुक्यातील खडकी, म्हणजे पुन्हा सोलापूर जिल्हाच. जानेवारी २०२०, बालेवाडी. विजेता हर्षवर्धन सदगीर, कंसात नाशिक. गाव मात्र अकोले तालुक्यातील कोंभाळणे, म्हणजे तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. एप्रिल २०२२, सातारा. विजेता पृथ्वीराज पाटील, कंसात कोल्हापूर. गाव पन्हाळा तालुक्यातील देवठाणे. इथे कंस आणि घर जुळतात. जानेवारी २०२३, कोथरूड. विजेता शिवराज राक्षे, कंसात नांदेड. गाव पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील राक्षेवाडी. नोव्हेंबर २०२३, फुलगाव. विजेता सिकंदर शेख, कंसात वाशिम. त्याच महिन्यात राज्याच्या कुस्ती संघटनेतील फुटीमुळे धाराशिवला दुसरी स्पर्धा झाली आणि ती शिवराजने जिंकली. ती बाजूला ठेवली तर सलग पाच किताबांपैकी चारांत कंसातला जिल्हा विजेत्याच्या जन्मगावाचा नाही.

पण या चार नोंदी एकाच मापाच्या नाहीत. सदगीरच्या नाशिकला आधार आहे : कोंभाळण्याहून तो भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत आला आणि तिथे त्याचा पाया घातला गेला. त्याच्या कंसात तालमीचे गाव आहे. बुलढाणा, नांदेड आणि वाशिम या तिन्हींचे तसे नाही. तिघे पैलवान पश्चिम महाराष्ट्रातल्या आखाड्यांत घडले आणि तिघांच्या कंसातले जिल्हे विदर्भ–मराठवाड्यातले. सोलापूर, पुणे, कोल्हापूर इथे एकेका जागेसाठी पैलवानांची रांग असते. बुलढाणा–वाशिमकडे ती तेवढी लांब नसते. नुसत्या सिकंदरच्या ओळीवर उभा केलेला तर्क आता तीन पायांवर उभा राहतो. यात लपवाछपवी कुठेच नाही. पैलवानांची मूळ गावे सर्वांना ठाऊक होती, वृत्तपत्रांनी ती छापलीही.

वाशिमच्या बाजूनेही कागद पाहिला पाहिजे. इंग्रजी अमदानीत बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता; १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात मिळवला गेला. आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला : वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. महाराष्ट्र केसरीची परंपरा १९६१ ची. म्हणजे किताबाच्या पहिल्या सदतीस वर्षांत वाशिमचा एखादा मल्ल उतरला असेल, तर त्याच्या कंसात अकोलाच असणार. जुन्या याद्यांत वाशिम नाही, यावरून वाशिमला मल्ल नव्हते असे कोणी म्हणू नये. तेव्हा त्या नावाचा कंसच अस्तित्वात नव्हता.

कागदावरचे गाव कसे वाचावे, याचा धडा वाशिमच्याच मातीत मिळालेला आहे. १९३९ मध्ये इथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट सापडले. त्यावर वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, हे नाव कोरलेले आहे. पण ते दान दिलेल्या गावाचे नाव नाही, ताम्रपट जिथून काढला त्या राजधानीचे आहे. दान दिलेले गाव नंदिकडच्या बाजूचे, आणि नंदिकड म्हणजे नांदेड असे संशोधक मानतात. एकाच पत्र्यावर दोन गावे, दोघांचे काम वेगळे. गुणपत्रकातल्या कंसाचेही तसेच : पैलवान कोणत्या संघातून उतरला ते कंस सांगतो, माणूस कुठला ते सांगत नाही.

जगातल्या दुसऱ्या प्रकारच्या कुस्तीशी ताडून पाहिले की हे अधिक उघड होते. अमेरिकेतील व्यावसायिक, आधी रचलेल्या कुस्तीत पैलवान रिंगणाकडे निघाला की निवेदक त्याचे गाव आणि वजन पुकारतो. ते गाव पात्रासाठी निवडलेले असते. ‘अंडरटेकर’ म्हणजे टेक्सासमधील ह्यूस्टनचा मार्क कॅलवे. त्याचे गाव पुकारले जाई डेथ व्हॅली. ‘कमाला’ युगांडाचा म्हणून गाजला. प्रत्यक्षात तो मिसिसिपीचा जेम्स हॅरिस. २०१७ मध्ये विजेतेपद मिळवणारा जिंदर महल कॅनडातील कॅलगरीत जन्मला, पण निवेदक त्याला पंजाबचा म्हणत असे. तिथे आधी पात्र ठरते, मग त्याला शोभेल असे गाव. आपल्याकडे माणूस खरा, कुस्ती खरी. गाव जागेच्या नियमातून येते. म्हणून डेथ व्हॅलीने अंडरटेकर घडवला, तसा वाशिमने सिकंदर घडवला असे म्हणता येत नाही.

मग आपल्या पैलवानाची मूर्ती कोणते गाव घडवते? त्याचा पुरावा वेगळ्याच प्रकारच्या कागदावर आहे : जत्रेच्या मैदानाचे पोस्टर. फेटा बांधलेला, खांद्यावर गदा घेतलेला पैलवान, शेजारी इनामाचा आकडा, मधे मोठा ‘वि.’ आणि नावाखाली तालमीचे नाव. इथे जिल्हा तालीम संघाला जागा नसते. पोस्टरवरची ‘गंगावेस तालीम, कोल्हापूर’ ही ओळ वाचली की प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर तांबडी माती, पहाटेच्या जोर-बैठका आणि वस्तादांची शिस्त उभी राहते. हे जुनेच आहे. १९५९ चे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे; १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते गाव कर्नाटकात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, गेले. तरी लोकांनी त्यांना कोल्हापूरचेच मानले, कारण ते शाहूपुरी तालमीत घडले होते. मारुती माने यांच्याबाबत जन्मगाव जिंकले : सांगली जिल्ह्यातील कवठेपिरान हे गाव त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. तालीम किंवा जन्मगाव, दोहोंपैकी एक नाव लोकांच्या तोंडी राहते.

सिकंदरच्या बाबतीत ही निवड आपल्या डोळ्यांसमोर झाली. कोथरूडच्या त्या लढतीत महेंद्रने बाहेरली टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, सिकंदर हरला आणि ते गुण योग्य की अयोग्य यावर राज्यभर वाद पेटला. त्या वादात सिकंदरची जी प्रतिमा तयार झाली ती हमालाच्या पोराची, गंगावेसच्या मल्लाची. हळहळ मोहोळची होती, राग कोल्हापूरचा होता. १० नोव्हेंबरला फुलगावात त्याने झोळी डावावर शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. ही लढतसुद्धा नोंदीत वाशिम विरुद्ध नांदेड अशी आहे. खेळले मात्र मोहोळ आणि राक्षेवाडी.

माझा निष्कर्ष असा. कंसातले वाशिम खोटे नाही, पण ते अपुरे आहे. ते जागेची साक्ष देते; माणसाची साक्ष मोहोळ देते आणि कुस्तीची गंगावेस. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक नुसत्या विजेत्यांच्या यादीवरून महाराष्ट्राचा कुस्तीनकाशा काढू लागला, तर २०२३ मध्ये वाशिम आणि नांदेड ही कुस्तीची मोठी केंद्रे होती असे तो लिहून बसेल. त्याच वेळी खडकी आणि राक्षेवाडी त्याच्या नकाशावर येणारच नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. स्पर्धेच्या नोंदवहीत नावापुढे तीन रकाने असावेत : गाव, तालीम, जिल्हा. आणि वाशिम जिल्ह्यातील वाचकांना एक विनंती. कारंजा, रिसोड, मानोरा, मंगरूळपीरच्या घरांत जुन्या कुस्ती मैदानांची पोस्टरे, प्रमाणपत्रे, फेट्यातले फोटो असतील, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. मागच्या बाजूला गाव, तालीम आणि साल लिहून ठेवा. १९९८ पूर्वी अकोल्याच्या कंसात गेलेले वाशिमचे मल्ल शोधायचे असतील, तर ते याच कागदांत सापडतील.