निरपेक्ष दान आणि देवी अहल्याबाई

मठमंदिरांच्या आश्रयाने वाढलेल्या आपल्या समाजास दानधर्म नवा नाही. मूठभर तांदळापासून जमिनीच्या इनामापर्यंत ज्यास जे शक्य झाले ते त्याने देवद्वारी ठेवले आणि त्यावरच आपल्या संस्था उभ्या राहिल्या. तथापि देणे निराळे आणि देऊन मोकळे होणे निराळे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, ज्याच्याकडून परतफेड होणे नाही त्यास ते दिलेले असावे, अशी अट घातली आहे. अट ऐकावयास सोपी, आचरावयास अवघड. एका राज्यकर्त्या स्त्रीने ती कशी आचरिली हे पाहण्यास आम्हां माळव्यातील मंडळींना फार दूर जावयास नको. नर्मदाकाठच्या महेश्वरापर्यंत गेले म्हणजे पुरे.

देवी अहल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. पित्याच्या मायेने वागविणारे सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव कालवश झाले. त्यानंतर १३ ऑगस्ट १७९५ या आपल्या मृत्युदिनापर्यंत, सुमारे अठ्ठावीस वर्षे, बाईंनी राज्य सांभाळिले. उतारवयात जावई गेला आणि कन्या मुक्ताबाई आईच्या विनवण्या न मानता सती गेली. घरातील एकेक दिवा असा विझत गेला असता मनुष्य कडवट व्हावा, मूठ आवळून बसावा, तर नवल नाही. बाईंची मूठ मात्र उघडीच राहिली.

हे दान कोठून होत असे, हेही समजून घेतले पाहिजे. होळकरांच्या उत्पन्नाचे दौलत आणि खासगी असे दोन भाग होते. दौलतीतून फौजेचा व कारभाराचा खर्च चाले. खासगी ही राजस्त्रीची स्वतःची मिळकत. १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्याकडे पेशव्यांनी ही जहागीर लावून दिली आणि त्यांच्यामागे ती अहल्याबाईंकडे आली. बाईंनी या खासगीवर तुळशीपत्र ठेवून ती धर्मकार्यास वाहिली, अशी परंपरा आहे. प्रजेच्या पैशावर दानशूर होणे सोपे असते. बाईंनी दिले ते स्वतःचे.

दिले कोठे, हे तर अधिकच विचार करण्याजोगे आहे. १६६९ मध्ये पाडले गेलेले काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभारिले. सोमनाथास जुन्या भग्न मंदिराजवळ १७८३ मध्ये नवे मंदिर बांधिले आणि गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये नव्याने घडविले. यांपैकी एकही स्थान होळकरांच्या राज्यात नव्हते. काशीचा यात्रेकरू महेश्वरच्या खजिन्यात एक पैसा भरणार नव्हता, की गयेस पिंडदान करणारा होळकरांच्या फौजेत चाकरीस येणार नव्हता.

परंतु मोठ्या मंदिरांवर कर्त्याचे नाव राहतेच. निरपेक्षतेची खरी साक्ष लहान दानांत सापडते. सर जॉन मालकम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तान्तात अशा अनेक गोष्टी नोंदविल्या आहेत. बाईंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे त्या वेळी माळव्यात हयात होती. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यास रस्तोरस्ती माणसे बसविलेली असत. थंडीच्या आरंभी दुबळ्यांना कपडे मिळत. नांगरास जुंपलेले बैल मध्येच थांबवून बाईंचे नोकर त्यांना पाणी पाजीत. शेतकरी पाखरांना हाकलून देत, म्हणून बाई उभ्या पिकाची शेते विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी सोडीत. आता पाखरू काय परत देणार? दाणा कोणी ठेविला हेदेखील त्यास ठाऊक नसते.

मालकमनेच सांगितलेली आणखी एक हकीकत मला या सर्वांहून मोलाची वाटते. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखविला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीस पात्र नसून दुबळी, पापी स्त्री आहोत असे म्हटले, आणि तो ग्रंथ नर्मदेत टाकावयास लाविला. ग्रंथकाराची पुढे विचारपूसही केली नाही. ब्राह्मणांस स्वहस्ते भोजन घालणाऱ्या बाईंनी या एका ब्राह्मणास विन्मुख पाठविले, कारण तो घेण्यास नव्हे, परतफेड करण्यास आला होता!

बाईंना पुण्याची तरी अपेक्षा असेलच, अशी शंका कोणी घेईल. असेलही, त्या काळच्या श्रद्धेस ते धरूनच होते. परंतु लोकांकडून त्यांनी काही इच्छिले नाही, एवढे निश्चित. आणि जे इच्छिले नाही ते आपण होऊन आले. पेशव्यांप्रमाणेच निजाम व टिपू सुलतान यांनाही बाईंविषयी आदर होता आणि हिंदूंबरोबर मुसलमानही त्यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीत, असे मालकम लिहितो. मात्र ते यावे म्हणून बाईंनी दिले असते, तर तो दानधर्म न राहता राजकारण झाले असते.

आपल्या मठाच्या या उत्सवप्रसंगी या कथेचा अर्थ काय घ्यावा? या स्मरणग्रंथात देणगीदारांची यादी येईल आणि ती यावयासच हवी. धर्मादायाचा हिशेब चोख असावा व तो भक्तांसमोर मांडला जावा, हे व्यवस्थापकांचे कर्तव्यच आहे. पण ती यादी हिशेबासाठी आहे. आपले नाव कितव्या ओळीत आले हे पाहण्यासाठी ज्याने प्रथम तेच पान उघडले, त्याने मठास दिलेले अर्धे परत घेतले असे समजावे. मीही अशी पाने उघडली आहेत, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करितो.

याउलट, उत्सवाच्या दिवशी पंक्तीत वाढताना समोरच्या पानावर कोण बसला आहे हे न पाहता जो वाढीत जातो, त्याच्या मनास लाभणारी प्रसन्नता आपल्यापैकी पुष्कळांनी कधी ना कधी अनुभविली असेल. दोन शतकांपूर्वी माळव्याच्या रस्त्यावर वैशाखातल्या दुपारी कोणी एक वाटसरू ओंजळीने पाणी प्याला, तोंड पुसून पुढे गेला. ते पाणी कोणाचे, हे त्याने विचारलेच असेल असे नाही; आणि त्याने ते विचारावे, अशी महेश्वरास कोणाची इच्छाही नव्हती.