सेंटओएस : एका प्रतीचा उदय आणि अस्त

ग्रंथपरंपरेत लेखकाइतकेच महत्त्व नक्कलकाराला असते, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यात कोणी आपली ओवी मिसळू नये, असेही बजावून ठेवले. मुळाबद्दलची ही निष्ठा केवळ पोथ्यांच्या जगातच आढळते असे मात्र नाही. संगणकाच्या जगातही स्वतःचे काहीही न मिसळता वर्षानुवर्षे प्रती तयार करणारा एक समुदाय होऊन गेला. सेंटओएस हे त्याने सिद्ध केलेल्या प्रणालीचे नाव. तिच्या अस्ताचा इतिहास तांत्रिक कमी आणि सांस्कृतिक अधिक आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनीही तो पाहावा असा आहे.

रेड हॅट ही अमेरिकन कंपनी आरंभी आपली लिनक्स प्रणाली कोणालाही विनामूल्य उतरवून घेऊ देत असे. २००३ मध्ये तिने ती मालिका थांबवली आणि वार्षिक वर्गणी घेऊन दिल्या जाणाऱ्या ‘एंटरप्राइझ लिनक्स’वर सारे लक्ष केंद्रित केले. परंतु प्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे आज्ञावलींचा मूळ पाठ, कंपनी सर्वांसाठी खुला ठेवत असे. तो पाठ घ्यायचा, त्यातील कंपनीचे नाव व बोधचिन्ह काढून टाकायचे, उरलेले जसेच्या तसे बांधायचे आणि फुकट वाटायचे, असा उद्योग काही मंडळींनी आरंभला. ग्रेगरी कुर्टझर यांच्या ‘केऑस’ या प्रकल्पाच्या आश्रयाने २००४ मध्ये सेंटओएसच्या पहिल्या आवृत्त्या बाहेर पडल्या.

या प्रतीचे एक वैशिष्ट्य मोठे उद्बोधक आहे. मुळातले दोषही तिने तसेच राखायचे, असा संकेत होता. दोष दिसला म्हणून नक्कलकाराने तो परस्पर सुधारला, तर मूळ प्रणालीवर तपासलेली आज्ञावली प्रतीवर तशीच चालेल याची हमी राहत नाही. प्रतिभा दाखवायची नाही, हाच येथील शिष्टाचार होता. त्याचे फळही मोठे मिळाले. २०१० च्या मध्यास लिनक्सवर चालणाऱ्या वेब सर्व्हरांपैकी सुमारे ३० टक्के सेंटओएसवर होते, आणि काही काळ डेबियनलाही तिने मागे टाकले होते.

पण ऱ्हासाची बीजे वैभवाच्या या काळातच पेरली गेली होती. जुलै २००९ मध्ये प्रकल्पाच्या प्रमुख कार्यकर्त्यांना आपल्याच एका संस्थापकास उद्देशून जाहीर अनावृत पत्र लिहावे लागले. प्रकल्पाच्या नावाची नोंदणी त्या गृहस्थांच्या हाती, देणग्यांचे खाते त्यांच्या हाती, आणि ते स्वतः दीर्घकाळ संपर्काबाहेर! काही दिवसांत समेट झाला, मालकीचे हस्तांतर झाले. तथापि लक्षावधी यंत्रे ज्या ‘समुदाया’च्या भरवशावर चालत होती, त्याच्या घराची किल्ली एकाच खिशात होती, हे त्या पत्राने उघड केले.

दुसरा धक्का लगेच बसला. रेड हॅटची सहावी आवृत्ती नोव्हेंबर २०१० मध्ये आली, आणि सेंटओएसची प्रत जुलै २०११ मध्ये. आठ महिन्यांच्या या विलंबात पुष्कळ संताप व्यक्त झाला. तो अनाठायी नव्हता, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर मिळणे हा सर्व्हर चालवणाऱ्याच्या दृष्टीने चैनीचा विषय नसतो. मात्र वापरणारे असंख्य आणि प्रत्यक्ष खपणारे मूठभर, हे विषम प्रमाण बदलण्यास त्या संतापाने फारसा हातभार लावला नाही. आपल्याकडील वाङ्मयीन नियतकालिकांचा इतिहास ठाऊक असलेल्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

त्यामुळे जानेवारी २०१४ मध्ये रेड हॅटनेच प्रकल्पाला पदरी घेतले, तेव्हा अनेकांना हायसे वाटले. प्रमुख कार्यकर्ते कंपनीच्या नोकरीत गेले, त्यांना वेतन मिळू लागले, साधनसामग्री मिळाली. त्याबरोबरच सेंटओएस या नावाची मालकीही कंपनीकडे गेली. जिची प्रत करायची तीच नक्कलकाराची धनीण झाली. पुढे जुलै २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरना रेड हॅट खरेदी केली.

८ डिसेंबर २०२० रोजी निर्णय जाहीर झाला : २०२९ पर्यंत चालेल अशी अपेक्षा असलेली आठवी आवृत्ती २०२१ च्या अखेरीस बंद होणार, आणि यापुढे ‘सेंटओएस स्ट्रीम’ तेवढी उरणार. स्ट्रीम ही प्रत नव्हे. रेड हॅटच्या आगामी आवृत्तीत जे यायचे, ते तीत आधी येते. ग्रंथाची प्रत मागणाऱ्याच्या हाती मुद्रितांचा गठ्ठा द्यावा, तसा हा प्रकार झाला. फर्मीलॅबने तर आपली ‘सायंटिफिक लिनक्स’ ही अशीच प्रत पुढे न चालवता सेंटओएस ८ स्वीकारण्याचे २०१९ मध्येच जाहीर केले होते. त्या विश्वासाला दोन वर्षेही आयुष्य लाभले नाही. सातवी आवृत्ती तेवढी ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालली.

कंपनीने समुदायाचा घात केला, असा या घटनेचा सरळ अर्थ लावला जातो. तो अर्धाच खरा आहे. मुक्त परवान्याने आज्ञावलींचा पाठ सुरक्षित राखला होता. म्हणूनच २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या नव्या प्रती उभ्या राहू शकल्या. रॉकी लिनक्स पुन्हा कुर्टझर यांचीच, आणि तिला दिलेले नाव सेंटओएसचे दिवंगत सहसंस्थापक रॉकी मॅकगॉ यांचे. परवाना पाठाचे रक्षण करतो, नावाचे आणि वचनाचे करत नाही. ती राखायला संस्था लागते, आणि संस्था उभारण्याचे कंटाळवाणे काम समुदायाने वेळीच पुरे केले नव्हते. २०१४ मध्ये जे गेले, ते २००९ मध्येच निसटू लागले होते.

जून २०२३ मध्ये रेड हॅटने मूळ पाठाची वाटही अरुंद केली. आता सार्वजनिकरीत्या केवळ स्ट्रीमचाच सोर्स कोड मिळतो. त्यावर अल्मालिनक्सने दोषासह हुबेहूब प्रतीचा आग्रह सोडला आणि सुसंगतीपुरतेच बांधून घेतले. म्हणजे नक्कलकार आता संपादक झाला आहे. मुळावरची निष्ठा हे ज्याचे बळ, त्याचे मुळावरचे अवलंबित्व हेच मर्म असते. सेंटओएसच्या उण्यापुऱ्या वीस वर्षांनी एवढे मात्र निःसंशय दाखवून दिले की, फुकट मिळालेल्या वस्तूचीही किंमत कोणीतरी मोजतच असते. ती किंमत वापरणाऱ्यांनी आपापसांत वाटून घेतली नाही, तर एके दिवशी ती एकहाती भरणारा मालक होतो.