थडग्यांची जागा शोधणारं होकायंत्र

गेल्या रविवारी म्हैसूरहून श्रीरंगपट्टणला गेलो. तिथल्या गुंबजमध्ये हैदरअली, त्याची बेगम आणि टिपू यांच्या कबरी आहेत. ४ मे १७९९ रोजी टिपू लढताना पडला आणि दुसऱ्या दिवशी आईवडिलांशेजारी त्याचं दफन झालं. रिवाजाप्रमाणे कबर उत्तर-दक्षिण, तोंड पश्चिमेला, मक्केकडे. गेलेल्या माणसालाही दिशा लागते!

परतताना बाजारात फेंगशुईचे हसरे बुद्ध दिसले. दारात ठेवला की पैसा येतो म्हणे. पण ही विद्या वाढली ती मेलेल्यांच्या जागेच्या काळजीतून.

१९८७ साली चीनच्या हनान प्रांतात पुयांगला सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचं थडगं सापडलं. माणसाचं डोकं दक्षिणेला. पूर्वेला शिंपल्यांचा ड्रॅगन, पश्चिमेला शिंपल्यांचा वाघ. पुढे फेंगशुईत पूर्वेचा ड्रॅगन आणि पश्चिमेचा वाघ हीच जोडी येते.

'फेंग' म्हणजे वारा, 'शुई' म्हणजे पाणी. गुओ पू (२७६–३२४) याच्या नावावर चालणाऱ्या 'दफनग्रंथा'त याचा खुलासा आहे. जमिनीतली प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते, पाण्यापाशी थांबते. म्हणून पाठीला डोंगर, समोर पाणी अशी आडोशाची जागा निवडायची. आईवडिलांची हाडं तिथे सुखात राहिली, तर तीच शक्ती मुलाबाळांपर्यंत पोहोचते, ही श्रद्धा. यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. मुहूर्त बघून दफन करण्यावर वांग चोंग या चिनी विचारवंताने पहिल्या शतकातच कडक टीका केली होती.

तरी या मंडळींचं एक देणं आपल्या पाठीवरच्या पिशवीत असतं. १०८८ च्या सुमारास शेन कुओने लिहून ठेवलं, की जाणकार लोक सुई चुंबकावर घासतात. ती दक्षिण दाखवते, पण किंचित पूर्वेकडे झुकून. मॅप रीडिंगच्या क्लासमध्ये उस्ताद चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक घोकून घेतात, तो हाच! फेंगशुईवाले अशाच सुईने थडग्यांच्या जागा आखत.

माझे वडील गेले तेव्हा मी पोस्टवर होतो. पोहोचलो तेव्हा राखही सावडून झाली होती. गुंबजमध्ये उभं राहून तेच आठवत होतं. आईवडिलांना शेवटची जागा नीट मिळावी, एवढ्यासाठी माणसं डोंगर धुंडाळत, नद्या पाहत हिंडली. हसऱ्या बुद्धाचं मला माहीत नाही, पण त्यांची ती धडपड मला कळते.