पितळी बिल्ला आणि पथमर्यादा : रायगडच्या किनाऱ्यावरील सायकलस्वाराची वाट

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका संग्राहक मित्रांनीं भंगारवाल्याकडून घेतलेला पितळेचा एक लहानसा चपटा तुकडा वाचनासाठीं आमच्या हातीं दिला. वरच्या बाजूस तार ओंवण्याचें भोंक, मध्यें ठोकलेला अनुक्रमांक आणि कडेनें नगरपालिकेच्या नांवाचीं अक्षरें. परंतु तीं इतकीं झिजलेलीं कीं नांव लागत नाहीं. 'सायकल' हा शब्द मात्र स्वच्छ लागतो. मित्रांस तें एखाद्या संस्थानी शिपायाचें पदक वाटलें होतें. वस्तुतः तो सायकलचा बिल्ला आहे. ताम्रपट आणि शिलालेख छापणाऱ्या त्रैमासिकांत असल्या वस्तूची चर्चा कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. आमचें म्हणणें असें कीं, रस्त्यावर कोणाचा हक्क सत्तेनें केव्हां मानला आणि केव्हां ती तो विसरली, याचा हा बिल्ला लहानसा पण अस्सल पुरावा आहे.

रस्त्याची रुंदी त्यावरून जाणाऱ्यास पाहून ठरवावी, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. १९०५ सालीं म्हैसूर येथें आर. शामशास्त्री यांच्या हातीं अर्थशास्त्राची ताडपत्रावरील पोथी आली व १९०९ सालीं तो ग्रंथ छापला गेला, पुढें रा. प. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठातर्फें त्याची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत मार्गांचीं मापें दिलेलीं आहेत. राजमार्ग आठ दंडांचा, रथपथ पांच अरत्नींचा, पशुपथ चार अरत्नींचा, आणि लहान जनावरें व माणसें यांची वाट दोन अरत्नींची. अरत्नि म्हणजे सुमारें दीड फूट व दंड म्हणजे चार अरत्नि धरल्यास राजमार्ग सुमारें ४८ फूट, तर माणसाची वाट ३ फूट होते. तिसऱ्या अधिकरणांत या वाटा अडविणारास दंड सांगितला आहे : माणसाची वाट अडविल्यास १२ पण, मोठ्या जनावरांची अडविल्यास २४ पण, आणि याच क्रमानें वर हजार पणांपर्यंत. दंड चढता आहे हें खरें. परंतु तीन फुटांच्या वाटेसहि माप आहे, आणि ती अडविणें हाहि अपराध आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हीं मापें प्रत्यक्षांत कोणत्या नगरांत पाळलीं गेलीं असें मात्र या ग्रंथावरून म्हणतां येत नाहीं. शास्त्र हें विधान आहे, वृत्तांत नव्हे.

मनुस्मृतींतील वचनें याहून बोधक आहेत. दुसऱ्या अध्यायांत वाट कोणास द्यावी त्याची यादी आहे : चाकाच्या वाहनांतील मनुष्य, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझेंवाला, स्त्री, स्नातक, राजा आणि वर. वाहनास अग्रस्थान आहे असें पाहून एखादा मोटारवाला हें वचन आपल्या बाजूस ओढूं पाहील. परंतु यादी नीट पाहिली तर निराळेंच सूत्र दिसतें. मानाकरितां ज्यांस वाट द्यावयाची ते वगळले, तर उरलेल्यांतील बहुतेकांस बाजूस होणें अवघड आहे. गाडा चाकोरींतून सहज निघत नाहीं, ओझेंवाल्यास वळतां येत नाहीं, रोग्यास चपळाई नसते. ज्यास बाजूस होणें कठीण त्यास वाट द्यावी, असा याचा इत्यर्थ आम्हांस वाटतो. पायाच्या एका दाबानें थांबणारी मोटार आणि खचलेल्या कडेवरून जाणारी सायकल यांत बाजूस होणें कोणास कठीण, हें सांगावयास नकोच. आणखी एक मौज अशी कीं, राजा व स्नातक समोरासमोर आल्यास राजानें स्नातकाचा मान राखावा, असें लगेच पुढें म्हटलें आहे. विद्येच्या वाटेवरील मनुष्यास राजानेंहि वाट द्यावी, ही या भूमींतील जुनी समजूत होय.

आठव्या अध्यायांत वाहनापासून झालेल्या इजेचा विचार आहे. दंड होऊं नये असे दहा प्रसंग तेथें सांगितले आहेत व त्यांतील शेवटचा, हांकणारानें "बाजूस हो" असें ओरडून सांगितलें असतां, असा आहे. आजचा हॉर्न म्हणजे हीच आरोळी. आणि हॉर्न वाजविला म्हणजे आपला दोष संपला, अशी अनेकांची समजूत दिसते. परंतु त्यांनीं पुढचा श्लोकहि वाचावा. हांकणारा अनाडी असल्यामुळें गाडी भरकटून इजा झाली तर मालकास दोनशें पण दंड आहे. आरोळीनें कौशल्याची उणीव भरून निघत नाहीं.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. कुलाबा व जंजिरा यांचें गॅझेटियर १८८३ सालीं निघालें. त्यांत सायकल असण्याचा संभवच नव्हता. कारण दोन्ही चाकें सारखीं असलेली, मागील चाकास साखळीनें गति देणारी स्टार्लीची 'रोव्हर' १८८५ सालची व डनलॉपची हवेची धांव १८८८ सालची. पुढें हें वाहन आपल्याकडे आलें व गांवोगांव शिक्षक, टपालवाले, दूधवाले आणि विद्यार्थी यांचें झालें. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानें वाहनें, होड्या व जनावरें यांवर कर बसविण्याची मुभा नगरपालिकांस होती. तिच्या आधारें अनेक ठिकाणीं सायकलवर वार्षिक कर बसला. कर भरला कीं नोंदवहींत नांव चढे, क्रमांक मिळे आणि तोच क्रमांक ठोकलेला बिल्ला सायकलला अडकवावा लागे. बिल्ला नसला, रात्रीं दिवा नसला किंवा मागें दुसरा बसविला तर शिपाई अडवी. लोकांस हा जाच वाटे, आणि तो होताहि. परंतु त्या जाचाबरोबर एक गोष्ट आपोआप होत असे : गांवांत सायकली किती, हें नगरपालिकेस ठाऊक असे.

पुढें हा कर गेला, बिल्लाहि गेला. गरिबावरील बोजा उतरला हें योग्यच झालें. परंतु कराबरोबर नोंदहि गेली. मोटारींची नोंदणी कायद्यानें होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येंत सायकल बसत नाहीं. आज कोणत्या मार्गावर किती मोटारी वाढल्या हें अधिकाऱ्यांस सांगतां येतें. सायकली किती, हें सांगण्यास कोणतीहि वही नाहीं. दप्तरांत ज्याचें नांव नाहीं त्याचा वांटा वाटणींत धरला जात नाहीं, हें इनामांचे व वतनांचे तंटे वाचणाऱ्या आमच्या वाचकांस निराळें सांगण्याची गरज नाहीं.

याचा परिणाम अलिबागहून आक्षी, नागांव, चौल या गांवांवरून रेवदंड्यास जाणाऱ्या रस्त्यावर पाहावा. मराठीच्या आद्य शिलालेखांत ज्याची गणना होते तो शके ९३४ चा लेख याच वाटेवरील आक्षीचा, म्हणून संशोधकांस हा रस्ता परिचित आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या व त्यांचे गडगे यांमुळें तो जागोजाग अरुंद आहे. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मोटारी जहाजांत घालून मांडव्यास उतरवितां येऊं लागल्या. १२ जानेवारी २०२४ रोजीं सुमारें २२ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. त्या सेतूवर सायकलीस मनाई आहे. इतक्या वेगाच्या मार्गावर ती असणें समजण्यासारखें आहे, व त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु सेतूवरून व जहाजांतून उतरलेल्या मोटारी शेवटीं ज्या गांवरस्त्यांवर येतात, तेथें सायकलस्वार आधींपासून आहे. तेथें त्याच्यासाठीं तीन फूटहि आंखलेले नाहींत.

हें आम्ही परक्याच्या नजरेनें लिहीत नाहीं. आमच्या शाळेच्या पडवींत एके काळीं सायकली उभ्या करण्यास जागा पुरत नसे. एके दिवशीं खारांतल्या गांवाहून येणारा आमचा एक विद्यार्थी मागून आलेल्या गाडीस वाट देण्याच्या धांदलींत कडेच्या चरांत कोसळला व त्याचा हात मोडला. त्याचे वडील विचारावयास आले, तेव्हां मुलाची सायकल बंद करा, असा सल्ला आम्हींच दिला. गाडी कोणाची, कड कां खचली, हें आम्हीं विचारलें नाहीं. पुढें तो मुलगा एस. टी. च्या वेळेवर अवलंबून राहिला व सकाळच्या जादा तासांस त्याला मुकावें लागलें. असे सल्ले घरोघर दिले गेले असले पाहिजेत. कारण वर्षांमागून वर्षें ती पडवी रिकामी होत गेली. ज्याला वाट द्यावयाची त्यालाच आम्हीं वाटेवरून उठविलें, ही चूक उशिरां उमगली.

उपाय अज्ञात नाहींत. हॉलंडांत १९७१ सालीं रस्त्यांवर सुमारें ३३०० माणसें दगावलीं व त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबापांनीं चळवळ उभारली, आणि आज जो देश सायकलींचा म्हणून ओळखला जातो त्याचे आजचे बहुतेक सायकलमार्ग त्यानंतरचे आहेत. आपल्याकडेहि इंडियन रोड्स काँग्रेसनें १९६२ सालींच सायकलमार्गाचें मान प्रसिद्ध केलें. त्यांत किमान रुंदी दोन मीटर धरली आहे. सायकलींचें शहर म्हणून गाजलेल्या पुण्यानें २०१७ सालीं सायकलींची स्वतंत्र योजना मंजूर केली. परंतु तेथील पूर्वींच्या मार्गांवर ठिकठिकाणीं गाड्या उभ्या राहिल्या, कोठें मार्ग मध्येंच तुटला. माप असून अडविणारास दंड नसला म्हणजे काय होतें, तें यावरून दिसतें. कौटिल्यानें दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत, त्या उगीच नव्हेत.

आमची सूचना थोडकी आहे. रेवसपासून दक्षिणेस जाणाऱ्या सागरी मार्गाचें व त्यावरील खाडीपुलांचें काम चाललें आहे, तोंवरच कडेची दोन मीटर वाट सायकलीसाठीं राखावी. पूल बांधून झाल्यावर ती मिळत नाहीं. वाड्यांमधील जुना रस्ता रुंद करूं नये, तर तेथें मोटारीचा वेग उतरवावा. माणसें व मोटारी एकत्र असतील तेथें ताशीं ३० किलोमीटर ही मर्यादा २०२० सालच्या स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेनें मान्य केली आहे. आणि कोणताहि कर न लावतां नगरपालिकांनीं व ग्रामपंचायतींनीं वर्षांतून एकदां शाळेच्या वेळीं सायकलींची मोजदाद करून ती दप्तरीं ठेवावी.

राहिली आम्हां संग्राहकांची गोष्ट. हे बिल्ले किलोच्या भावानें वितळविले जात आहेत व करवसुलीच्या वह्या रद्दींत निघत आहेत. ज्यांच्या संग्रहीं असे बिल्ले, परवाने किंवा पावत्या असतील त्यांनीं त्यांचें वाचन, माप व ठिकाण कळवावें. जुळल्यास आम्ही त्यांची एक सूची तयार करूं. आमच्यापाशीं असलेल्या बिल्ल्यावरील नगरपालिकेचें नांव अद्याप लागलेलें नाहीं. तें कोणास लावतां आल्यास त्याचे आम्ही ऋणी होऊं.