मांसरसातलं अक्षर

हिंदीतलं 'स्नायु तंत्र' मी कित्येक वर्षं 'स्नायूंची यंत्रणा' असं समजून वाचत होतो. ती निघाली मज्जासंस्था. हिंदीवाल्यांची चूक दाखवायला ग्रंथ उघडले, तर चूक आपल्याच पदरात पडली. सुश्रुतसंहिता ९०० स्नायू आणि ५०० पेशी वेगवेगळ्या मोजते. तिथे मांसाचे गोळे म्हणजे पेशी, आणि स्नायू म्हणजे शरीर बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. मराठीने ती दोरी मांसाकडे ओढली, हिंदीने मज्जातंतूकडे. ग्रीक 'न्यूरॉन'ही याच कुळातला: आधी कंडरा, धनुष्याची दोरी, मज्जातंतू नंतर. म्हणजे मोटर न्यूरॉन आणि तो हलवतो तो स्नायू, नावाने चुलतभाऊच. इथवर भांडण नाही.

भांडण तिसऱ्या दोरीचं. १८४७ साली रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिगने मांसाच्या रसातून एक आम्ल वेगळं केलं. ग्रीक 'इस', षष्ठीत 'इनोस', यावरून ते झालं इनोसिनिक आम्ल. पण 'इस' म्हणजे बळही आणि कंडराही. काहींच्या मते शब्द एकच. काहींच्या मते दोन: बळवाला लॅटिन 'विस' आणि संस्कृत 'वयस्' यांचा, म्हणजे आपल्या 'वया'चाही नातलग, कंडरावाला पीळ देण्याच्या, विणण्याच्या धातूतला. मी दोनवाल्यांकडे. लीबिगच्या भांड्यात मांसाचे धागे होते, बळ नव्हतं. हा पुरावा लीबिगपुरता आहे, ग्रीकांना लागू नाही, हे कबूल.

आता ही दोरी मोटर न्यूरॉनमध्ये शिरते. जनुकावरून आरएनएची प्रत निघाल्यावर 'अडार' गटातली विकरं तिच्यातलं एखादं 'ए' हे अक्षर बदलून इनोसिन करतात; नाव त्याच आम्लाच्या कुळातलं. प्रुफात अक्षर सुधारावं तसं. प्रथिन जुळवणारं यंत्र त्याला 'जी' वाचतं. ग्लुटामेटच्या एका ग्राहीत, ग्लूए२ मध्ये, या दुरुस्तीने ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन येतं आणि कॅल्शियमला दार बंद होतं. हे १९९१ साली कळलं. २००४ साली टोकियोत शिन क्वाक यांच्या गटाने एएलएस या मोटर न्यूरॉन मरत जाण्याच्या आजाराने दगावलेल्या पाच जणांचे मोटर न्यूरॉन एकेक करून तपासले: ५६ टक्के पेशींत दुरुस्ती अपुरी. निरोगी माणसांत ती पुरती शंभर टक्के.

ही अपुरी दुरुस्तीच पेशी मारते, या मताचा प्रतिपक्ष तगडा आहे. २००६ पासून बहुतेक एएलएस रुग्णांच्या पेशींत टीडीपी-४३ हे प्रथिन केंद्रकाबाहेर गोळा झालेलं दिसतं, आणि अनेकांच्या मते मूळ तिथेच. शिवाय एसओडी१ या जनुकातल्या दोषाच्या उंदरांत ही दुरुस्ती शाबूत असते. क्वाक यांचा गट म्हणतो, आत शिरलेलं कॅल्शियम कॅल्पेन या विकराला जागं करतं आणि तेच टीडीपी-४३ चे तुकडे पाडतं. सगळ्या रुग्णांचं कोडं याने सुटत नाही.

तरी माझा कौल क्वाक यांच्याच बाजूने, एका प्रयोगामुळे. मोटर न्यूरॉनमधलं अडार२ काढून घेतलेल्या उंदरांच्या त्या पेशी हळूहळू मेल्या. पण ज्यांच्या ग्लूए२ च्या जनुकातच ते अक्षर आधीपासून सुधारून ठेवलं होतं, त्यांच्या पेशी अडार२ नसतानाही जगल्या.