पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात का दिसत नाही?

सानगडी साकोली विधानसभा मतदारसंघात येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये या मतदारसंघातून नाना पटोले अवघ्या २०८ मतांनी निवडून आले. इतकी अटीतटीची लढत असली की संशोधन करणाऱ्याला साहजिकच वाटतं, कुणी किती पैसा लावला ते बघावं. विषय चांगला आहे, जरूर घ्या. फक्त हिशेबाचे कागद उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करून ठेवा. उमेदवाराच्या हिशेबात पक्षाचा खर्च दिसला नाही तर त्याचा अर्थ काय, हे ती निवडणूक कोणत्या सालची आहे यावर ठरतं. १९८० चं शून्य आणि २०२४ चं शून्य एक नव्हे.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्याचं कलम ७७ उमेदवाराकडे हिशेब मागतं, पण कोणत्या खर्चाचा? जो उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने 'केला किंवा अधिकृत केला' त्याचा. पक्षाने परस्पर सभा घेतली, पत्रकं वाटली, तर तो उमेदवाराने 'अधिकृत केलेला' खर्च का? बराच काळ न्यायालयं याचं उत्तर साधारणपणे 'नाही' असंच देत होती.

मग १९७४ साल आलं. दिल्ली सदर मतदारसंघातल्या १९७१ च्या निवडणुकीवरचा खटला, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला. ३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्ष आपल्यासाठी खर्च करतोय हे उमेदवाराला ठाऊक आहे, तो त्याचा फायदा घेतोय आणि हात झटकत नाही, तर त्याची संमती आहे असं धरायचं आणि तो खर्च त्याच्या मर्यादेत मोजायचा. न्यायमूर्ती भगवतींचा मुद्दा साधा होता. असं केलं नाही तर श्रीमंत पक्षाच्या उमेदवाराला मर्यादा उरतच नाही.

हा नियम महिनाभरही टिकला नाही. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढला, पुढे त्याचा कायदा झाला आणि कलम ७७ ला 'स्पष्टीकरण १' जोडलं गेलं: पक्षाने, संस्थेने किंवा मित्राने केलेला खर्च उमेदवाराचा मानायचा नाही, कोणत्याही न्यायालयाचा निकाल काहीही असो! गंमत बघा, त्याच ऑक्टोबरच्या १५ तारखेला अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून तिथला संघीय निवडणूक आयोग जन्माला आला. पक्षाच्या समितीने कोणत्या उमेदवारासाठी किती खर्च केला, याची नोंद समितीनेच द्यायची, ही पद्धत तिथे रुजली. आपल्याकडे त्याच महिन्यात ती नोंद पुसायची सोय झाली. माझ्या मते भारतीय निवडणूक-खर्चाच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वळण आहे, आणि आपल्या प्रबंधांमध्ये त्याला फार तर एक तळटीप मिळते.

याचा परिणाम महाराष्ट्राच्याच एका खटल्यात स्पष्ट दिसतो. १९९१ ची अहमदनगरची लोकसभा निवडणूक, यशवंतराव गडाख विरुद्ध बाळासाहेब विखे पाटील. नोव्हेंबर १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ हताशपणे म्हटलं की पक्षाचा खर्च जाळ्याबाहेर असल्यामुळे मर्यादा ही निव्वळ धूळफेक झाली आहे. १९९६ मध्ये 'कॉमन कॉज' खटल्यात न्यायालयाने पक्षांच्याही हिशेबाचा आग्रह धरला आणि तेव्हापासून पक्षांची निवडणूक-खर्च विवरणं आयोगाकडे येऊ लागली. शेवटी २००३ मध्ये संसदेने स्पष्टीकरण १ बदललं. आता सूट उरली ती फक्त स्टार प्रचारकांच्या प्रवासखर्चाला.

म्हणजे १९७४ ते २००३ या काळातल्या हिशेबात पक्षाचा खर्च नाही, याचा अर्थ 'सांगायची गरजच नव्हती'. २००३ नंतर नाही, याचा अर्थ 'झाला नाही' किंवा 'लपवला'. या दोन काळांचे आकडे एकाच आलेखावर मांडून 'खर्च वाढला' असा निष्कर्ष काढलात, तर तुम्ही खर्च मोजलेला नाही, कायदा मोजलाय.

आता नोंद प्रत्यक्षात कशी होते ते बघू. समजा सानगडीत सभा आहे आणि मोठा नेता हेलिकॉप्टरने येतो. तो पक्षाच्या स्टार प्रचारकांच्या यादीत असेल (मान्यताप्राप्त पक्षाला अशी ४० नावं देता येतात) तर हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात. उमेदवार त्याच हेलिकॉप्टरमध्ये बसला, तर निम्मा प्रवासखर्च उमेदवारावर. मंडप, खुर्च्या, भोंगे यांचं काय? उमेदवार मंचावर असेल किंवा फलकावर त्याचं नाव-फोटो असेल, तर ते उमेदवाराच्या हिशेबात. मंचावर तीन उमेदवार असतील तर तिघांत समान वाटणी. उमेदवार नाही, नाव नाही, फोटो नाही, नुसता पक्षाचा प्रचार, तर तो पक्षाचा सर्वसाधारण खर्च. आणि पक्षाच्या खर्चाला आपल्याकडे कमाल मर्यादाच नाही, हे विसरू नका. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला मात्र २०२२ पासून ४० लाखांची मर्यादा आहे. एका फोटोमुळे खर्च या वहीतून त्या वहीत का जातो, ते आता कळलं असेल.

उमेदवाराच्या गोषवाऱ्यात खर्चाच्या बाबींसमोर तीन रकाने असतात: स्वतः केलेला, पक्षाने केलेला, इतरांनी केलेला. पक्षाने धनादेशाने दिलेली एकरकमी रक्कम मात्र निधीच्या स्रोतांत दिसते, आणि तीच रक्कम पक्षाच्या विवरणात खर्च म्हणून येते. दोन्ही कागदांची बेरीज केलीत की तोच रुपया दोनदा मोजला जातो. ही चूक सहज होते, सांभाळा. उलट, दोन्ही ठिकाणी रक्कम जुळत नसेल तर तिथे खरा संशोधनाचा प्रश्न आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने असे फरक दाखवून दिलेले आहेत.

घड्याळंही वेगळी आहेत. उमेदवाराचा हिशेब अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंत, पक्षाचा निवडणूक जाहीर झाल्यापासून. मधल्या दिवसांत छापलेलं साहित्य अर्ज भरल्यावर वापरलं तर ते उमेदवाराच्या हिशेबात यायला हवं, येतंच असं नाही. उमेदवार ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे इथे भंडाऱ्याला, हिशेब देतो. पक्ष विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत विवरण देतो. तिसरी वही प्रशासनाची, छाया निरीक्षण नोंदवही. सभांचं चित्रीकरण पाहून कर्मचारी खुर्च्या-मंडप मोजतात, ठरलेल्या दरांनी किंमत लावतात आणि उमेदवाराच्या वहीशी ताडून बघतात.

(सानगडीच्या ग्रामपंचायतीवर काम करणार असाल तर यातलं बरंच लागू होत नाही. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, आणि पक्षचिन्हावर होतच नाही.)

उमेदवाराचा हिशेब बघायला कुणाची ओळख लागत नाही. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला नियम ८८ सांगतो की एक रुपया शुल्क भरून कुणीही तो पाहू शकतो, प्रतीसाठी वेगळं शुल्क. अर्जात नियमाचा क्रमांक लिहा, निवडणुकीचं साल लिहा, आणि गोषवाऱ्यासोबत प्रमाणकंही मागा. मंडपवाल्याची पावती कुणाच्या नावाने फाडलीय, ते तिथेच दिसतं.