जुन्या गाडीतील व्होल्टेज ड्रॉप : दोष बॅटरीचा की जोडणीचा?

किल्ली फिरवली, ‘टक्’ असा आवाज आला आणि इंजिन फिरलेच नाही, की पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी येते, चार-आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्ये थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी तिची सर्वांत तरुण गाडीही दहा वर्षांहून जुनी आहे. अशा वयाच्या गाडीत बॅटरीइतकाच संशय जोडण्यांवर घ्यायला हवा. गंजलेले टर्मिनल, सैल झालेला अर्थ, आतून हिरवी पडलेली केबल यांमध्ये विद्युतदाब वाटेतच खर्च होतो. यालाच व्होल्टेज ड्रॉप म्हणतात.

यामागे ओहमचा साधा नियम आहे. दाबातील घट म्हणजे प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार. सेल्फ फिरताना 100 अँपिअर प्रवाह वाहत असेल आणि वाटेत केवळ 0.01 ओहम रोध असेल, तर एक व्होल्ट तेथेच नाहीसा होतो. त्याच वाटेने एक अँपिअर घेणाऱ्या रेडिओचे मात्र 0.01 व्होल्टच जातात. म्हणूनच रेडिओ खणखणीत वाजतो आणि सेल्फ ढिम्म राहतो.

अनेकांची फसगत होते ती येथेच. प्रवाह बंद असताना मीटर लावला, तर कुजक्या जोडणीपलीकडेही पूर्ण 12.6 व्होल्ट दिसतात. प्रवाहच नाही तर घट कोठून येणार? केबलचा एकच तंतू शाबूत असला तरी मीटरची ‘पिप’ वाजते. त्यामुळे मोजमाप भार चालू ठेवूनच करावे लागते.

आधी बॅटरी पाहावी. रात्रभर विसावलेली, पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती जवळपास निम्मी रिकामी. चार्ज असूनही सेल्फ मारताना दाब 9.6 च्या खाली जात असेल, तर बहुधा बॅटरी थकलेली असते किंवा सेल्फ जास्त प्रवाह ओढत असतो. उलट सेल्फ मंद फिरत असूनही बॅटरीवर 11.5 च्या आसपास दाब टिकून असेल, तर प्रवाहाची वाट कोठेतरी अडली आहे असे समजावे.

आता मुख्य चाचणी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी जाड वायर काढून तिचे टोक अर्थ करावे. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज काढावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात राहिला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते, हे विसरू नये. एक प्रोब बॅटरीच्या धन खुंटावर आणि दुसरा सेल्फच्या जाड नटावर टेकवून सोबत्याला तीन-चार सेकंद किल्ली फिरवायला सांगावे. आकडा 0.5 व्होल्टहून अधिक नको. मग ऋण खुंट ते इंजिनाचा उघडा धातू, येथे 0.2 च्या आत. प्रोब शिशाच्या खुंटावरच टेकवावा, क्लॅम्पवर नव्हे. कारण दोष बहुतेकदा या दोघांच्या मधल्या पांढऱ्या-हिरव्या थरातच असतो. घट जास्त आढळली की एकेक प्रोब पुढे सरकवत जावे. ज्या सांध्याशी आकडा उडी घेतो, तो गुन्हेगार.

कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी आधी कुजते. ती स्वस्त असते, पण तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

हेडलाइटची चाचणी याच पद्धतीने, दिवा जोडलेला आणि पेटलेला ठेवून करावी. हॅलोजन दिव्याला 10 टक्के कमी दाब मिळाला, तर प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. घाटात रात्री हा फरक जीवघेणा ठरू शकतो. ज्या जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सारा प्रवाह स्विचमधूनच जातो, तेथे स्विच झिजलेला असल्यास फ्यूजसह रिले बसवून घ्यावा. जास्त वॉटचा दिवा हा त्यावरचा इलाज नाही. त्याने प्रवाह वाढतो आणि घटही वाढते.

सफाईपूर्वी ऋण केबल प्रथम सोडवावी आणि जोडताना शेवटी लावावी. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने थर धुऊन, खुंट आणि क्लॅम्प सँडपेपरने चकचकीत करून घट्ट बसवावेत व वरून पेट्रोलियम जेली लावावी. नंतर तीच चाचणी पुन्हा घ्यावी. आकडा उतरला नाही, तर केबल बदलावी.